नोंदवही आणि निवेदन : एका सागरी शर्यतीचे तीन ग्रंथ

सागरप्रवासावरील ग्रंथांचा विचार आपल्याकडे बहुधा प्रवासवर्णन या सदराखालीच केला जातो. त्यामुळे नौकेवरील नोंदवही ही मुळात वाङ्मयकृती नसून नौकानयनाचे एक साधन होय, ही गोष्ट नजरेआड राहते. वाऱ्याची दिशा, वायुभार, चढविलेली वा उतरविलेली शिडे आणि सूर्याच्या उन्नतीवरून काढलेले स्थान, एवढेच तीत यावयाचे. या शुष्क टाचणाचे निवेदनात रूपांतर होताना काय टिकते, हा प्रश्न १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीवरील तीन ग्रंथ एकत्र वाचले असता विशेष तीव्रतेने उभा राहतो. एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची होती. नऊ जण निघाले, एकच परतला.

तो म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची सुमारे ३२ फुटांची 'सुहेली' ही सागवानी नौका मुंबईतच बांधलेली. १४ जून १९६८ रोजी फॅलमथहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी तो तेथेच पोहोचला. त्याचा ग्रंथ रुक्ष आहे, असे म्हटले जाते. मला ते मान्य नाही. फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागताच तो समुद्रात उतरतो, आणि गोऱ्या अंगाकडे शार्क आकर्षित होऊ नयेत म्हणून गडद कपडे घालतो. टाक्यांतील पिण्याचे पाणी दूषित होते, तेव्हा पावसाचे धरतो. यंत्रातील सूक्ष्म फट जुळविण्यास माप सापडत नाही, तेव्हा वहीची पाने मोजून त्यांच्या जाडीवरून ती ठरवितो. वही येथे लिहिण्यापुरती राहत नाही, अवजार होते. एकांतावर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांना जे साधत नाही, ते या एका तपशिलाने साधले आहे.

बर्नार मोईतेसिए याचा फ्रेंच ग्रंथ १९७१ चा. विद्यार्थ्यांना तो अधिक आवडतो, आणि ते स्वाभाविकही आहे. हिंदी चीनमध्ये वाढलेला, योगाभ्यास करणारा हा दर्यावर्दी हॉर्न भूशिर ओलांडून अटलांटिकमध्ये आला. परतला असता तर सर्वांत जलद प्रदक्षिणेचे पारितोषिक त्यालाच मिळण्याचा संभव होता. परंतु त्याने शर्यत सोडली, मार्च १९६९ मध्ये केपटाऊनजवळ एका जहाजावर गलोलीने निरोप फेकला आणि तो ताहितीकडे निघून गेला. शिडांच्या आवाजाचे, पक्ष्यांचे, रात्रीच्या पाण्याचे त्याचे वर्णन खरोखर समृद्ध आहे. मात्र निर्णय झाल्यानंतर लिहिलेल्या या ग्रंथात आरंभीची पानेही त्या निर्णयाकडे झुकलेली वाटतात. नोंदीला पुढचे ठाऊक नसते, निवेदनाला असते. ही झुकलेली बाजू ओळखूनच त्याचे अध्यात्म वाचावे.

तिसरा ग्रंथ डोनाल्ड क्रोहर्स्टविषयीचा. तो त्याने लिहिला नाही; निकोलस टॉमलिन आणि रॉन हॉल या पत्रकारांनी त्याच्या वह्यांवरून १९७० मध्ये सिद्ध केला. क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच फिरत राहिला आणि बिनतारी संदेशांतून खोटी प्रगती कळवीत राहिला. खोटे स्थान रचणे सोपे नसते. खरा नाविक सूर्य पाहून स्थान काढतो. खोट्याला स्थान आधी ठरवून त्याला जुळणारा सूर्य उलट गणिताने शोधावा लागतो. ही आकडेमोड त्याच्या कागदांत आढळली. पण जगाला फसविणाऱ्या या माणसाने खरी स्थानेही नोंदवहीत लिहून ठेवली! केवळ फसवणुकीची कथा म्हणून हा ग्रंथ वाचणारे नेमके येथेच चुकतात. संदेश लोकांसाठी होते, वही समुद्रासाठी होती. खरे स्थान ठाऊक नसेल तर नौका चालतच नाही. त्या संदेशांची किंमत मात्र दुसऱ्याने मोजली. क्रोहर्स्ट मागून येत आहे या समजुतीने नायजेल टेटलीने आपली खिळखिळी नौका ताणली, आणि मे १९६९ मध्ये ती बुडाली.

जूनच्या अखेरीस क्रोहर्स्टने सुमारे २५,००० शब्द लिहिले. त्यांत काल, ईश्वर, विश्व यांविषयीची भ्रमिष्ट मीमांसा आहे. शैली सर्वस्वी ढासळलेली. परंतु नोंदवहीची एक शिस्त तेथेही सुटत नाही. १ जुलैच्या नोंदींपुढे तास, मिनिटे आणि सेकंद घातलेले आहेत. शेवटची वेळ ११ वाजून २० मिनिटे ४० सेकंदांची आहे, आणि तिच्यापुढील वाक्य अपुरे आहे.