हाव आणि व्हय

चित्रपटासाठी लिहायचे तर काय लागते, हा प्रश्न मला बिलोलीत हल्ली वरचेवर विचारला जातो. विचारणारी मंडळी वीस-बावीस वर्षांची असतात. माझ्याकडे येण्याचे कारण एवढेच, की मुंबईच्या निर्मात्याने नाकारलेला माणूस पंचक्रोशीत मी एकटाच आहे. नकारालाही एक दर्जा असतो. आमच्या तालुक्यातल्या कवींना फार तर नांदेडचे दैनिक नकार देते. मला तो थेट अंधेरीहून मिळालेला आहे, आणि तोही तीनदा. तेव्हा या विषयावर अधिकारवाणीने बोलायला हरकत नसावी.

पहिली अडचण पुस्तकांची. पटकथा कशी लिहावी हे शिकवणारी पुस्तके अमेरिकेतून येतात. त्यांतले सर्वांत गाजलेले म्हणजे सिड फील्ड यांचे १९७९ सालचे ‘स्क्रीनप्ले’. त्यातला हिशेब वाण्याच्या वहीसारखा चोख आहे. एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट. एकूण पाने १२०. पहिली ३० मांडणीची, मधली ६० झगड्याची, शेवटची ३० निकालाची. आणि पंचविसाव्या पानाच्या आसपास असे काही घडले पाहिजे, की नायकाचे आयुष्य उलटेपालटे व्हावे.

हे तत्त्व मी आमच्याकडच्या जीवनाला लावून पाहिले. आमचा नायक सातबारावरचे नाव दुरुस्त करून घ्यायला एका कचेरीत जातो. साहेब दौऱ्यावर असतात. पंचविसाव्या पानावर साहेब येतात, तर कारकून रजेवर जातो. साठाव्या पानावर दोघेही हजर, पण वीज नाही. एकशेविसाव्या पानावर नायकाला उद्या यायला सांगतात. यात झगडा आहे, चिकाटी आहे, अदृश्य का होईना पण खलनायकही आहे. निकाल तेवढा नाही. अमेरिकेत लोकांची कामे दोन तासांत होत असावीत, त्याशिवाय असले शास्त्र तयार व्हायचे नाही.

दुसरी अडचण सांगण्याची. पटकथा वाचायची वस्तू आहे, असा माझा बरीच वर्षे समज होता. मुंबईत ती ऐकायची वस्तू आहे. त्याला ‘नॅरेशन’ म्हणतात. मी धर्माबादला जाऊन देवगिरी एक्सप्रेस धरली (बिलोलीला रेल्वे नाही), रात्रभर मांडीवर ११८ पाने सांभाळली, आणि निर्माते म्हणाले, “पानं राहू द्या. वन लाइन सांगा.” मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. आमच्याकडे उताऱ्याचा सारांश एकतृतीयांश मागतात. अंधेरीत तो एका ओळीत मागतात. मी एका ओळीत सांगितला. त्या ओळीत सात ‘आणि’ होते. ती चालू असताना साहेबांनी तीन फोन घेतले, आणि खरे सांगायचे तर तिन्ही फोनवरची गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा रंगत होती. या धंद्यात लेखकापेक्षा कीर्तनकाराला अधिक वाव आहे. निदान त्याच्या हातात चिपळ्या असतात, आणि समोरचा मध्येच उठला तर बाकीचे त्याच्याकडे रागाने बघतात.

तिसरी गोष्ट चोरीची. आमच्या पोरांना सगळ्यांत मोठी धास्ती तिची. “सर, आपली स्टोरी ढापली तर?” मी त्यांना सांगतो, बाबांनो, मुंबईत पटकथालेखकांची संघटना आहे, तिथे आधी नोंद करून ठेवा. पण नोंदीने काय राखले जाते आणि काय नाही, हे कळायला आर. जी. आनंद यांचा खटला ऐका. दिल्लीच्या या नाटककाराने १९५५ साली आपले ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक मोहन सहगल या दिग्दर्शकाला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवले. १९५६ साली सहगलांचा ‘न्यू दिल्ली’ पडद्यावर आला. प्रांतभेदामुळे अडलेले लग्न इकडेही आणि तिकडेही. आनंद कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९७८ साली. निकाल असा, की कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर. दोन्ही मांडण्या निराळ्या, सबब दावा फेटाळला.

हा निकाल ऐकून पोरे हिरमुसतात. मला मात्र तो फार शहाणपणाचा वाटतो. दोन प्रेमी जीव आणि आड येणारे दोन बाप ही काही कुणाच्या वाडवडिलांची इस्टेट नव्हे. लेखकाचे खास स्वतःचे असे काही असेल, तर ते त्याचे सांगणे आणि त्याच्या माणसांचे बोलणे. पंचाईत पुढेच आहे. कायदा म्हणतो, बोलणे तेवढे तुझे. आणि अंधेरी म्हणते, बाकी सगळे झकास आहे, बोलणे तेवढे बदला.

माझा तिसरा नकार त्यातलाच. माझ्या कथेत एक म्हातारी लेकाला हाक मारते, “काय करूलालास?” लेक म्हणतो, “हाव, येऊलालो.” बैठकीतल्या एका तरुण गृहस्थांनी त्या ओळीवर बोट ठेवले.

“ही कसली हाव आहे याला?”

“हाव म्हणजे हो.”

“मग हो लिहा ना.”

“अहो, पण मुलगा खेड्यातला आहे.”

“मग व्हय लिहा.”

झाले! त्यांनी तिथल्या तिथे पेन्सिल काढली. म्हातारी म्हणाली, “काय करतुयास रं?” आणि लेक म्हणाला, “व्हय, आलो की!” मांजरेच्या काठची म्हातारी एका फटकाऱ्यात पंचगंगेच्या काठी जाऊन बसली. तिला विचारलेसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, एका शब्दाने असे काय बिघडते? आमच्या आईला मी एकदा एक ग्रामीण म्हणून गाजलेला चित्रपट दाखवला. तिने तो शेवटपर्यंत पाहिला, जिथे रडायचे तिथे रडली, आणि बाहेर पडताना म्हणाली, “चांगला हाय बाबा. पर ही मान्सं कोन्या मुलखातली म्हनावं?” आमच्याकडे घरात मराठी, नदीपलीकडे तेलुगू, बाजारात दखनी. भांडण मराठीत सुरू होते, तेलुगूत चढते आणि मिटते दखनीत. एवढा ऐवज असलेल्या बाईला पडद्यावरच्या खेड्यात आपले एकही माणूस भेटले नाही.

यात कुणाचे कारस्थान आहे असे मी म्हणत नाही. हा भूगोलाचा खेळ आहे. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती १९१७ साली, कोल्हापुरात. ‘प्रभात’ १९२९ साली निघाली तीही कोल्हापुरात, आणि १९३३ साली पुण्याला गेली. जिथे स्टुडिओ, तिथल्या आसपासचा लेखक. गदिमा आटपाडीजवळच्या शेटफळ्याचे. चित्रपटात ते वि. स. खांडेकरांचे लेखनिक होऊन, किरकोळ भूमिका करून शिरले. पुढे घराजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून त्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ लिहिला, आणि शांतारामबापूंच्या त्या चित्रपटाने १९५८ साली बर्लिनला रौप्य अस्वल मिळवले. ‘पिंजरा’चे संवाद लिहिणारे शंकर पाटील पट्टणकोडोलीचे. ही माणसे आपल्या कानांनी ऐकलेले लिहीत होती, म्हणून ते खरे होते. दोष त्यांचा नाही. दोष मागून आलेल्यांचा. त्यांनी कान बाजूला ठेवले आणि थोरांच्या वह्या उतरवून काढल्या. त्यामुळे महाराष्ट्रातल्या समस्त खेड्यांना एकच आवाज फुटला. आम्ही त्या काळात होतो कुठे? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, उर्दू शाळांत. ज्यांना मराठी शाळेसाठी झगडावे लागले, ते स्टुडिओ कुठून काढणार!

शिवाय गावचा लेखक असला म्हणजेच जमते, असेही नाही. ‘निशांत’ हा १९७५ चा चित्रपट पाहा. गोष्ट १९४५ सालच्या तेलंगणातली, म्हणजे आमच्या नदीपलीकडची. जमीनदाराचे भाऊ शाळामास्तराची बायको पळवतात. हे लिहिले मुंबईकर विजय तेंडुलकरांनी. आमच्याकडे त्या राजवटीत उभा जन्म काढलेली कितीतरी माणसे होती, मास्तर तर पुष्कळच होते, पण कागद काळा केला बाहेरच्या माणसाने. कान असला की नदी आड येत नाही, हे मी मास्तर असूनही कबूल करतो.

मग २०१६ साली ‘सैराट’ आला. करमाळ्याकडच्या जेऊरच्या नागराज मंजुळ्यांनी आपल्या गावचे बोलणे गावच्या पोरांच्या तोंडून तसेच्या तसे ऐकवले, आणि मराठीत तोवर कुठल्याही चित्रपटाला जमला नव्हता एवढा गल्ला जमला. मला वाटले, सुटलो! आता प्रत्येक तालुक्याला आपापले तोंड उघडता येईल. पण बाजाराने त्यातून निराळाच धडा घेतला. आता तिथे म्हणतात, “जरा सैराटसारखं लिहा.” म्हणजे आमची म्हातारी पंचगंगेवरून उचलून उजनीच्या काठी नेऊन बसवायची. तिचा प्रवास वाढला, घर काही आले नाही.

परवा एक पोरगा वही घेऊन आला. मांजरेच्या रेतीवर रात्रपाळी करणाऱ्या दोघा भावांची गोष्ट. पहिल्याच पानावर थोरला विचारतो, “आसं कामून करूलालास?” मी दोनदा वाचले. बरे वाटले. पोरगा म्हणाला, “सर, हे बदलून घेऊ का? मुंबईवाले हसतील.”

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, आधी नोंद करून ठेव. दोन, यातला एकही शब्द खोडू नको. पहिल्या गोष्टीला थोडे पैसे लागतात. दुसरी फुकट आहे, पण ती महाग पडते.

तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग त्याने विचारले, “सर, तुमची स्टोरी नाही घेतली, ते यामुळंच का?”

“हाव,” मी म्हणालो.