माँट्रियलचा ‘जहाल मवाळ’

ओटावाच्या स्पार्क्स स्ट्रीटवरून आपल्यापैकी बरेच जण हिंडले असतील. ७ एप्रिल १८६८ च्या पहाटे, संसदेत भाषण करून परतणाऱ्या थॉमस डार्सी मॅगीला तिथेच, बिऱ्हाडाच्या दारात, गोळी घालून मारले. मॅगी आयरिश, या खुनासाठी फासावर गेलेला पॅट्रिक व्हेलन हा शिंपीही आयरिश. डेव्हिड विल्सन यांच्या मॅगी-चरित्राचा दुसरा खंड (२०११) या खुनापर्यंत नेतो. पण त्यातले भांडण मुख्यतः माँट्रियलमधले आहे.

मॅगी स्वतः एकेकाळचा बंडखोर. १८४८ चा उठाव फसल्यावर तो पाद्र्याच्या वेषात अमेरिकेला निसटला, १८५७ साली माँट्रियलला आला आणि आयरिश मतांच्या जोरावर निवडून गेला. फेनियनांनी, म्हणजे शस्त्रबळाने आयर्लंड सोडवू पाहणाऱ्या गुप्त संघटनेने, १८६६ साली अमेरिकेतून कॅनडावर हल्ले केले. मॅगी त्यांच्यावर तुटून पडला. १८६७ च्या निवडणुकीत तर त्याने शहरातल्या फेनियनांच्या हालचाली वर्तमानपत्रात छापल्या. तो जेमतेम निवडून आला, आणि सेंट पॅट्रिक्स सोसायटीने त्याला काढून टाकले. (मंडळांचे राजकारण आपल्याला काय नवे!)

खंडाच्या उपशीर्षकाचे मराठी ‘जहाल मवाळ’ असेच होईल. टिळक-गोखल्यांच्या वादावर वाढलेल्यांना त्यातली गंमत चटकन कळावी. मते मवाळ, पण ती मांडण्याची रीत अशी की मधल्या माणसाला उभे राहायला जागाच उरू नये. हे विल्सन उत्तम दाखवतात. खटल्याबाबतही ते घाई करत नाहीत. पंतप्रधान मॅकडोनल्ड न्यायाधीशांच्या शेजारी बसले होते! व्हेलनचा कटात हात होता असे विल्सन यांना वाटते, तरी शंकेला जागा आहे हेही ते लपवत नाहीत.

मला उणीव वाटली ती दुसरीच. १८४७ साली दुष्काळातून पळून आलेले सुमारे सहा हजार आयरिश माँट्रियलच्या नदीकाठी तापाने मेले. त्यांचे भाऊबंद ग्रिफिनटाऊनमध्ये अंगमेहनतीवर जगत होते. फेनियनांची शपथ न घेताही इंग्लंडबद्दल ज्यांच्या मनात आग होती, अशी ही माणसे. पुस्तकात ती मतदार म्हणून, जमाव म्हणून, संशयित म्हणून भेटतात. त्यांचा आवाज मात्र फार थोडा ऐकू येतो. यात दोष काहीसा साधनांचाही आहे. मॅगीची भाषणे छापली गेली, फेनियनांच्या मागे सरकारचे हेर होते. हमालाचे बोलणे कोण टिपून ठेवणार? पण ते न ऐकता मॅगीला इतकी मते का गमवावी लागली, हे पुरते उलगडत नाही.

दोन्ही खंड जाडजूड आहेत. सवड कमी असेल त्यांनी सरळ दुसऱ्यापासून सुरुवात करावी.