योगियांचे ताट आणि आपले ताट

योग आणि आयुर्वेद यांच्या नावाने निघणारी शाकाहारी पाकपुस्तके चाळताना एक घोटाळा मला फार खटकतो. या दोन शास्त्रांची चूल एकच, असे त्यांत गृहीत धरलेले असते. स्वात्मारामाची ‘हठप्रदीपिका’ ताक, हिंग, लसूण, तीळ, कुळीथ ही सारी अपथ्यात घालते. उलट चरक मूळव्याधीवर ताकाची थोरवी गातो, आणि नित्याच्या आहारात मुगाबरोबर जांगल मांसही सांगतो! एकाला साधक घडवावयाचा आहे, दुसऱ्याला संसारी माणूस धडधाकट ठेवावयाचा आहे. तेव्हा कोणता नियम कोणाचा, एवढे तरी लेखकांनी छापावे. नाहीतर साधकाच्या पथ्यापायी आजोबांच्या पानातले ताक जावयाचे! पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवावा, हे ‘हठप्रदीपिके’चे सांगणे मात्र, वाचकहो, फराळाच्या दिवसांत आपणा सर्वांनाच लागू आहे.