एआय ३४ टक्के! पण कशाचे?

मागच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीचं तिसरं प्रकरण ग्रंथालयातून परत आलं. सिमिलॅरिटी ४ टक्के, म्हणजे आपल्यापैकी कुणालाही हेवा वाटावा इतकी कमी. पण रिपोर्टमध्ये खाली आणखी एक आकडा होता : एआय ३४ टक्के. आणि शेजारी पेनाने एका ओळीचा शेरा, ‘१० टक्क्यांच्या आत आणून पुन्हा सादर करावे.’ तिने विचारलं, कोणता भाग एआयचा आहे? कशावरून? खिडकीपलीकडून उत्तर आलं, “मॅडम, सॉफ्टवेअर जे दाखवतं ते आम्ही देतो.”

ते प्रकरण तिने स्वतः लिहिलंय. मला माहीत आहे, कारण त्याचे चार मसुदे मी वाचलेत आणि प्रत्येक वेळी ‘हे वाक्य लांबलंय, तोड’ म्हणून तिचं डोकं खाल्लंय. अंगणवाडी सेविकांच्या मुलाखतींवर तिचं काम आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी लिहायला लागली ती एमएला आल्यावर. त्यामुळे ती इंग्रजी लिहिते ते जपून : छोटी वाक्यं, ओळखीचे शब्द, ‘द फाइंडिंग्ज सजेस्ट दॅट’ अशा ठरीव सुरुवाती. कोर्सवर्कमध्ये आपल्याला असंच लिहायला शिकवतात ना?

आता गंमत अशी, की एआय ओळखणारी बरीचशी साधनं नेमकं हेच शोधतात. पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज यंत्राला जितका सहज बांधता येतो, तितका तो मजकूर यंत्राने लिहिल्याचा संशय वाढतो. ज्याची इंग्रजी ऐसपैस आहे, जो मधेच एखादा अनपेक्षित शब्द टाकतो, तो सुटतो. जो चुका होऊ नयेत म्हणून मळलेल्या वाटेने जातो, तो सापडतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ टोफेल निबंध त्यांनी सात साधनांतून काढले. सगळे निबंध माणसांनी लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंधांवर ‘एआय’चा शिक्का बसला. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांच्या निबंधांना मात्र याच साधनांनी जवळपास हात लावला नाही. साधनं तेव्हापासून बदललीत, सुधारलीही असतील. पण हा आकडा वाचल्यावर मराठी माध्यमातून आलेल्या मुलीच्या प्रकरणावर ३४ टक्के बघून मी तरी मान डोलावणार नाही.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, कुणाचा सिनॉप्सिस आरआरसीपुढे जायचाय. म्हणाल, आत्तापासून याची काळजी कशाला? कारण तुम्ही प्रबंध सादर कराल तोपर्यंत हे नियम तुमच्या विद्यापीठात या ना त्या रूपात आलेले असतील, आणि ते कसे आकार घेताहेत हे आत्ताच दिसायला लागलंय.

तो १० टक्क्यांचा आकडा कुठून आला ते बघा. यूजीसीचे वाङ्मयचौर्यविषयक नियम २०१८ चे. त्यांत पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. या नियमांत एआयचा उल्लेखच नाही आणि असायचं कारणही नव्हतं, चॅटजीपीटी लोकांपुढे आलं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये. मग झालं काय, तर नवीन प्रश्न आला, नवीन नियम करायला वेळ आणि विचार लागणार, तेवढ्यात सॉफ्टवेअरने एक टक्केवारी हातात दिली. टक्केवारी दिसली की आपल्याकडे जुना १० चा आकडा तयारच होता. तो उचलून चिकटवला.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे, आणि तो जरा सावकाश समजून घ्या, कारण व्हायवात नाही तरी कधीतरी गाईडसमोर तुम्हाला हे मांडावं लागेल. या दोन टक्केवाऱ्या एकाच कागदावर छापल्या जातात म्हणून त्या एकाच जातीच्या वाटतात. त्या तशा नाहीत. सिमिलॅरिटी १२ टक्के म्हणजे तुमच्या मजकुराचा इतका भाग दुसऱ्या कुठल्यातरी मजकुराशी जुळतो, आणि तो दुसरा मजकूर रिपोर्टमध्ये समोर असतो. रंगवलेली ओळ, तिचा स्रोत, लिंक. तुम्ही म्हणू शकता, ‘सर, हे तर कायद्याचं कलम आहे, ते मी कसं बदलू?’ आणि सर मान्य करू शकतात. २०१८ च्या नियमांनीच संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायदे, समीकरणं हे सगळं वगळायला सांगितलंय. म्हणजे पुरावा आहे, तो तपासता येतो, खोडता येतो.

एआय ३४ टक्के याला असं काहीच नसतं. रंगवलेल्या ओळी दाखवल्या तरी त्यांच्यासमोर ठेवायला दुसरा कागद नसतो. तो अंदाज आहे. हवामान खातं पावसाचा अंदाज देतं तसा, फरक एवढाच की पाऊस पडला की नाही हे संध्याकाळी कळतं. इथे ते कधीच कळत नाही. आणि आरोप झालेल्याने काय दाखवायचं? मी यंत्र वापरलं नाही, याचा पुरावा कसा देणार?

साधनं बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं एआय ओळखणारं साधन आणलं आणि जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्यांनीच दिलेल्या आकड्यांनुसार ते एआयचा २६ टक्केच मजकूर पकडत होतं आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुराला एआय ठरवत होतं. टर्निटिन तर आता २० टक्क्यांखालचा नेमका एआय-आकडा दाखवतच नाही, तिथे फक्त तारांकित चिन्ह येतं, कारण त्या पट्ट्यात चुकीचा ठपका बसण्याची शक्यता जास्त. तेव्हा ‘१० टक्क्यांच्या आत आणा’ असं म्हणणाऱ्या नियमाने नक्की काय मोजायचं ठरवलंय? अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनची ही सोय बंद केली, तेव्हा त्यांनी साधा गुणाकार मांडला होता. २०२२ मध्ये त्यांनी ७५,००० पेपर तपासले होते. चुकीचा ठपका १ टक्क्यालाच बसतो असं धरलं तरी सुमारे ७५० पेपरांवर विनाकारण आरोप आला असता.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल की ही मैत्रिणीचं वकीलपत्र घेऊन आलीय. अख्खी प्रकरणं यंत्राकडून लिहून घेणारे आहेत. आपण सगळे अशा एखाद्याला ओळखतो. मार्च २०२४ मध्ये एल्सव्हिअरच्या एका नियतकालिकातला शोधनिबंध गाजला, त्याच्या प्रस्तावनेचं पहिलंच वाक्य यंत्राचं उत्तर होतं : ‘जरूर, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाचं. लेखक, परीक्षक, संपादक, कुणीही वाचलं नव्हतं. मीही धुतल्या तांदळासारखी नाही. दुसऱ्या वर्षी संदर्भ शोधताना मी एका चॅटबॉटला विचारलं आणि त्याने मला लेखकाचं नाव, वर्ष, खंड, पानं, सगळं अगदी व्यवस्थित दिलं. तो निबंध अस्तित्वातच नव्हता. लेखक खरा होता, नियतकालिक खरं होतं, त्या खंडातल्या त्या पानांवर भलताच लेख होता. गाईडकडे जायच्या आदल्या रात्री मी सहज तो शोधायला गेले म्हणून वाचले.

पण बघा, ही माझी चूक टक्केवारीच्या नियमाने पकडली असती का? वाक्यं माझी होती. एआय शून्य टक्के आलं असतं, कदाचित. आणि खोटा संदर्भ घेऊन प्रबंध पुढे गेला असता. उलट कुणी स्वतःचा विचार स्वतः मांडून फक्त इंग्रजी सफाईदार करून घेतली, तर तो अडकतो. नियमाला चूक कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही, साधन कुठवर पोचतं तिथवर नियम पोचतो.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. टर्निटिनची एआय-तपासणी आधी फक्त इंग्रजीसाठी आली, नंतर स्पॅनिश आणि जपानी. मराठीत यंत्राकडून पानंच्या पानं लिहून घ्या, तिथे हा प्रश्नच येत नाही. इंग्रजी पुस्तकाचं प्रकरण यंत्राने भाषांतरित करून आपल्या नावावर घाला, शब्द जुळत नाहीत म्हणून साधी सिमिलॅरिटीही बहुतेक वेळा गप्प. आणि हे तर उघड वाङ्मयचौर्य आहे, २०१८ च्या व्याख्येतही बसणारं : दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणं. म्हणजे इंग्रजीत प्रामाणिकपणे लिहिणारी संशयित, आणि मराठीत चोरणारा स्वच्छ. ज्या माणसाने ते पुस्तक वाचलंय तोच हे पकडू शकतो. थोडक्यात, गाईड किंवा परीक्षक.

आणखी एक गोष्ट मला खटकते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. २०१८ च्या नियमांत आरोप झाला तर विभागीय समिती आहे, तिच्यावर संस्थेची समिती आहे, आणि निर्णय घेताना नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पाळायची असं लिहिलंय. म्हणजे तुमचं म्हणणं ऐकून घेणं भाग आहे. पण खिडकीतूनच प्रकरण परत आलं तर? आरोप नाही, समिती नाही, सुनावणी नाही. ‘फक्त सुधारून आणा.’ कागदावर काही घडलेलंच नाही. हरियाणातल्या ओ. पी. जिंदाल विद्यापीठातल्या एका एलएलएमच्या विद्यार्थ्याचा पेपर ८८ टक्के एआयचा ठरवून त्याला नापास केलं होतं, तो २०२४ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेला. पुढे विद्यापीठाने त्याला पास केलं आणि याचिका तिथेच निकाली निघाली. त्यामुळे सॉफ्टवेअरचा आकडा पुरावा म्हणून चालतो का, या प्रश्नाचं उत्तर त्या खटल्यातून मिळालंच नाही. तो कायद्याचा विद्यार्थी होता. आपल्यातले किती जण कोर्टात जातील?

मग नियम कसा असावा? सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाचे सरळ दोन भाग केलेत. एका भागात देखरेखीखाली, समोरासमोर काम करून दाखवायचं. दुसऱ्यात एआय वापरायला मोकळीक आहे, पण वापरलं ते सांगायचं. जिथे लक्ष ठेवता येत नाही तिथे बंदीही घालायची नाही, हा विचार मला पटतो. पीएचडीत तर पहिला भाग आपल्याकडे आधीपासूनच आहे : सहामाही प्रगती सेमिनार, प्रीपीएचडी, व्हायवा. माझ्या मैत्रिणीला दहा मिनिटं बसवून विचारा, ‘ही सेविका असं का म्हणाली?’ ती तुम्हाला त्या बाईच्या घराच्या ओट्यापासून सांगेल. ज्याने प्रकरण विकत किंवा फुकट लिहून घेतलंय तो दुसऱ्या प्रश्नाला घाम पुसेल. अडचण एवढीच की त्यासाठी कुणीतरी प्रकरण वाचलेलं असावं लागतं. एका प्राध्यापकाकडे आठ संशोधक असू शकतात, त्यात प्रशासनाची कामं. सॉफ्टवेअरचा आकडा बघायला तीस सेकंद लागतात. हे नियम असे का होतायत याचं उत्तर बरंचसं इथेच आहे असं मला वाटतं.

नियम बदलेपर्यंत तुम्ही काय करायचं ते सांगते. मसुदे तारखेसह ठेवा, एकाच फाइलवर वरचेवर सेव्ह करू नका. हाताने काढलेली टिपणं, गाईडच्या लाल पेनाच्या खुणा, फेकू नका. तुमच्या विद्यापीठात एआयबद्दल काय चालतं हे तोंडी विचारू नका, ईमेल करा, उत्तर जपा. मुलाखतींचे शब्दांकन कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकण्याआधी थांबा. त्या बाईने तुमच्यावर विश्वास ठेवून सुपरवायझरबद्दल जे सांगितलं, ते परक्या सर्व्हरवर पाठवायची परवानगी तिने दिलेली नाही. हा मुद्दा मला टक्केवारीपेक्षा दहापट महत्त्वाचा वाटतो आणि मी पाहिलेल्या परिपत्रकांत त्यावर एक ओळही नव्हती.

आणि वापरलं असेल तर तसं लिहा. एआय लेखक होऊ शकत नाही, पण वापर जाहीर करावा, अशी भूमिका प्रकाशनातल्या नैतिकतेबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या कोप या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्येच घेतलीय. मी माझ्या पद्धतीच्या प्रकरणात चार ओळी घातल्या : कोणतं साधन, कशासाठी (इंग्रजी वाक्यांतल्या व्याकरणाच्या चुका), कोणत्या प्रकरणांत, आणि संदर्भ व विश्लेषणासाठी वापरलेलं नाही. गाईडनी वाचलं, चष्मा काढला. म्हणाले, “हे काढून टाका. खरं आहे, पण कमिटी उगाच यावरच प्रश्न विचारत बसेल.” त्यांचंही चुकत नाही. खरं सांगणाऱ्याला प्रश्न, न सांगणाऱ्याला फक्त टक्केवारी.

मैत्रिणीचं प्रकरण ९ टक्क्यांवर आलं, पास झालं. तिने काय केलं? काही वाक्यं मुद्दाम वाकडी केली, दोन ठिकाणी आर्टिकल गाळलं, एक चांगला परिच्छेद तोडून टाकला. मूळ प्रत तिने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलीय. माझ्या त्या चार ओळी मी अजून काढलेल्या नाहीत. प्रीपीएचडी सेमिनार फेब्रुवारीत आहे, तिथे काय होतं ते लिहीनच.