करार आणि कौल

बायबल हा ग्रंथ आमच्याकडील सुशिक्षित हिंदु वाचक बहुधा कॉलेजांत इंग्रजी वाङ्मयाची पूर्वतयारी म्हणून चाळतो, आणि परीक्षा झाली कीं मिटून ठेवतो. ज्यांच्या घरीं तो रोज उघडला जातो ते लोक त्याच्यापाशीं कोणते प्रश्न घेऊन जातात, ह्याची त्यास फारशी कल्पना नसते. आम्हांसही ती नव्हती. एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या घरीं दर रविवारीं सायंकाळीं दहावीस मंडळी जमून ‘उत्पत्ती’च्या पुस्तकापासून क्रमानें वाचन व चर्चा करीत असत, तेथें श्रोता म्हणून बसण्याची संधि आम्हांस मिळाली, तेव्हां ती प्रथम आली.

चर्चेचा आरंभ अपेक्षेप्रमाणें सृष्टीच्या सहा दिवसांपासून झाला. परंतु जलप्रलयाच्या कथेवर बोलणें चाललें असतां कोपऱ्यांत बसलेल्या एका वृद्ध बाईंनीं विचारलें, “माझे आईवडील हिंदूच राहून वारले. तेव्हां ते ह्या कराराच्या बाहेरच म्हणावयाचे ना?” एका तरुणानें तत्काळ एक वचन काढून ‘होय’ म्हणून सांगितलें, दुसऱ्यानें त्याच्या उलट अर्थाचें वचन काढलें. बाईंचें समाधान झालें नाहीं, आणि आमचेंही झालें नाहीं. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या अनुरोधानें लिहिला आहे. आम्ही ख्रिस्ती नव्हे, धर्मशास्त्रीही नव्हे. हा ग्रंथ वाङ्मय म्हणून कसा वाचावा एवढेंच सांगण्याचा आमचा अधिकार आहे.

सृष्टीच्या दिवसांविषयींचा वाद आम्ही थोडक्यांत आटोपतों. आर्चबिशप अशर ह्यांनीं १६५० सालीं वंशावळींचा हिशेब करून सृष्टीचा जन्म इसवी सनापूर्वीं ४००४ ह्या वर्षीं ठरविला. तो हिशेब पुष्कळ इंग्रजी बायबलांच्या समासांत छापला गेल्यामुळें मूळ ग्रंथाचाच भाग आहे असें अनेकांस वाटूं लागलें. पण त्याच्यापूर्वीं बाराशें वर्षें संत ऑगस्टीन ह्यांनीं हे दिवस सूर्याच्या उदयास्तानें मोजावयाचे नव्हेत असा विचार मांडलाच होता. ह्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पहिल्या अध्यायांत पशु आधीं आणि मनुष्य शेवटीं, तोही स्त्री व पुरुष मिळून निर्माण होतो. दुसऱ्या अध्यायांत पुरुष आधीं, मग बाग, मग पशुपक्षी आणि सर्वांच्या शेवटीं स्त्री. देवाचीं नांवेंही दोन ठिकाणीं निराळीं आहेत. १७५३ सालीं ज्यां आस्त्रुक ह्या फ्रेंच वैद्यानें ह्यावरून येथें दोन मूळ लेख एकत्र आले असावेत असें अनुमान केलें, आणि पुढील सर्व चिकित्सा त्या वाटेनें गेली. संकलनकारास ही विसंगति दिसली नसेल असें मानणें त्याच्या बुद्धीचा अपमान करणें होय. त्यानें दोन साक्षी शेजारीं शेजारीं ठेविल्या आणि त्यांची तडजोड केली नाहीं. ज्यास हा ग्रंथ समजून घ्यावयाचा असेल त्यानें ही खोड पहिल्या दोन पानांतच ओळखून ठेवावी. न्याय आणि दया ह्यांच्या बाबतींतही तो हेंच करणार आहे.

आतां जलप्रलय. बाबिलोनी गिल्गमेश काव्यांतील प्रलयाची कथा १८७२ सालीं जॉर्ज स्मिथ ह्यांनीं लोकांपुढें ठेविली. होडी, पक्षी सोडणें, प्रलयानंतरचा यज्ञ, हें सर्व त्या कथेंतही आहे. पण देवांनीं पूर कां आणला ह्याचें कारण तेथें दिलेलें नाहीं. ‘उत्पत्तीं’त तें आरंभींच दिलें आहे: मनुष्याच्या अंतःकरणांतील कल्पना दुष्ट आहेत. वाचकानें आतां नोहा तारवांतून उतरल्यानंतरचा भाग वाचावा. परमेश्वर पुन्हां असा नाश करणार नाहीं असें ठरवितो, आणि कारण काय देतो? मनुष्याच्या अंतःकरणांतील कल्पना बाळपणापासून दुष्ट आहेत हेंच! ज्या कारणास्तव शिक्षा झाली त्याच कारणास्तव अभय मिळालें. मनुष्य सुधारला नाहीं. बदल झाला तो न्यायाधीशांत. नंतर तो आपलें धनुष्य ढगांत ठेवितो. हिब्रूंत ह्या ठिकाणीं युद्धांतील धनुष्याचाच शब्द आहे, आणि आपल्या ‘इंद्रधनुष्यां’तही तें शस्त्र आहेच. शस्त्र खालीं ठेविल्याची ही खूण आहे.

येथें ‘करार’ हा शब्द प्रथम महत्त्वाचा होतो. मराठी बायबलाच्या दोन्ही भागांचीं नांवेंच त्या शब्दावरून पडलीं आहेत. पण आपल्या कानांत ‘करार’ म्हटलें कीं दोन पक्ष, अटी, सह्या आणि मोडल्यास नुकसानभरपाई असें चित्र उभें राहतें. नोहाच्या कथेंत दुसरा पक्ष कोण? नोहा, त्याची संतति, आणि त्यांच्याबरोबर पक्षी, गुरें, वनपशु, थोडक्यांत सर्व सजीव प्राणी. गुरें सही करूं शकत नाहींत. त्यांस अट घालतां येत नाहीं व तीं ती मोडूंही शकत नाहींत. हा व्यवहार करार नव्हे. त्यास आपल्या जुन्या दप्तरांत एक चांगला शब्द आहे: कौल. ओसाड पडलेला गांव पुन्हां वसावा म्हणून सरकार रयतेस अभयाचा कौल देई. कौलाचें बळ घेणाराच्या लायकीवर नसून देणाराच्या शब्दावर असे.

अब्राहामाच्या कथेंत हेंच अधिक स्पष्ट होतें. हिब्रू भाषेंत करार ‘करीत’ नाहींत, ‘कापतात’. जनावरें कापून त्यांचे दोन भाग समोरासमोर मांडावयाचे आणि बांधिलकी घेणारानें मधून जावयाचें. शब्द मोडल्यास आपलीही हीच गत होवो असा त्याचा अर्थ असावा हें यिर्मयाच्या पुस्तकावरून कळतें. ‘उत्पत्ती’च्या पंधराव्या अध्यायांत अब्राहामास गाढ झोंप लागलेली आहे, आणि त्या तुकड्यांमधून जातात धुराची भट्टी व जळती मशाल, म्हणजे स्वतः परमेश्वर. अब्राहाम मधून जातच नाहीं. उलट सीनाय पर्वताजवळ लोक मोठ्यानें आम्ही पाळूं असें म्हणतात, आणि यज्ञाचें रक्त अर्धें वेदीवर व अर्धें त्यांच्यावर शिंपडलें जातें. तो खरा करार आहे. संदेष्ट्यांचा सर्व संताप त्याच्या भंगावर आहे. ग्रंथांतील न्याय बहुतांशीं कराराच्या पोटांतून येतो, आणि दया कौलाच्या.

हा दोष भाषांतरकारांच्या माथीं मारावा असें आमचें म्हणणें नाहीं, कारण मूळ हिब्रूंतही दोहोंस एकच शब्द आहे. परंतु शब्दांचा प्रश्न पंडिती नव्हे. पंडिता रमाबाईंनीं उतारवयांत मूळ भाषांचा अभ्यास करून केडगांव येथें संपूर्ण बायबल साध्या मराठींत आणण्यासाठीं १९२२ सालीं झालेल्या मृत्यूपर्यंत श्रम केले. सामान्य बायकांस तें स्वतः वाचतां यावें हा त्यांचा हेतु होता. त्या वृद्ध बाईंचा प्रश्न अशाच एका शब्दांत अडकलेला होता.

न्यायावर मनुष्यानें शंका घ्यावी काय, असाही एक प्रश्न बैठकींत निघाला. नोहा प्रलयाची वार्ता ऐकून एक शब्दही बोलत नाहीं. अब्राहाम मात्र सदोमासाठीं वाद घालतो. पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा? बाजारांतल्या घासाघिशीसारखें हें संभाषण भक्तीच्या ग्रंथांत आहे, आणि त्यांत अब्राहाम दयेची भीक मागत नसून न्यायाधीशास न्यायाचीच आठवण देत आहे. पण तो दहांवर थांबतो. दुसऱ्या दिवशीं पहांटे त्याच ठिकाणीं येऊन तो खालीं पाहतो, तों भट्टीसारखा धूर वर चढत आहे. त्यास काय वाटलें तें कथाकार सांगत नाहीं. पुढें स्वतःच्या मुलाचा बळी मागितला जातो तेव्हां हाच अब्राहाम कांहींच बोलत नाहीं. परक्या नगरासाठीं वाद आणि पोटच्या मुलासाठीं मौन, ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा हें आम्हांस आजवर कळलेलें नाहीं, आणि मेळ घातला आहे असें सांगणाऱ्यांवर आमचा विश्वास नाहीं.

दहांपलीकडचा प्रश्न योनाच्या पुस्तकांत निघतो. निनवे ही अश्शूरची राजधानी. इसवी सनापूर्वीं ७२२ च्या सुमारास इस्राएलाचें उत्तरेकडील राज्य बुडविलें तें ह्याच अश्शूरनें. योना तेथें जाऊन हिब्रूंत अवघ्या पांच शब्दांचा उपदेश करतो, आणि नगर उलथेल असें सांगतांना सदोमाच्या कथेंतलेंच क्रियापद वापरतो. पण निनवे पश्चात्ताप करतें, राजाज्ञेनें गुरांच्या अंगावरही गोणताट चढतें, आणि नगर वांचतें. तेव्हां योना रागावतो. तूं कृपाळु व मंदक्रोध आहेस हें मला ठाऊक होतें म्हणूनच मी पळालों, असें तो म्हणतो. हें देवाचें वर्णन त्यानें ‘निर्गमां’तून घेतलें आहे, मात्र तेथील दुसरा अर्धा भाग, म्हणजे अपराध्यास सोडीत नाहीं हा, त्यानें गाळला आहे. मौज अशी कीं नहूमाचें पुस्तकही निनवेविषयींच आहे, त्याच्याही आरंभीं हेंच वर्णन येतें, आणि तेथें भर दिला आहे तो ह्या दुसऱ्या अर्ध्यावर! निनवे इसवी सनापूर्वीं ६१२ मध्यें खरोखरच पडलें. एकाच वाक्याचे दोन अर्धे, एकाच नगराविषयीं दोन पुस्तकें, आणि दोन्ही एकाच ग्रंथांत. सृष्टीच्या दोन साक्षींची ही पुनरावृत्ति आहे.

म्हणून जुन्या कराराचा देव क्रूर व नव्याचा दयाळु, हें आमच्या सुशिक्षितांच्या तोंडीं नेहमीं असणारें वाक्य आम्हांस मान्य नाहीं. दुसऱ्या शतकांत मार्सियोन ह्यानें जवळजवळ हेंच प्रतिपादन केलें आणि चर्चनें त्यास बाहेर काढलें. प्रकटीकरणाचें पुस्तक ज्यानें वाचलें त्यास न्याय नव्या करारांतही भरपूर सांपडेल. आणि योनाचें पुस्तक जुन्याच करारांत आहे.

त्या पुस्तकाचा शेवट प्रश्नानें होतो. ज्यांस उजवाडावा हात कळत नाहीं अशीं एक लक्ष वीस हजारांवर माणसें, शिवाय पुष्कळ गुरें. मग मीं ह्या नगराची कींव करूं नये काय? ह्या प्रश्नाचें योनानें दिलेलें उत्तर ग्रंथांत नाहीं.

पुढच्या रविवारीं आम्ही त्या बाईंना नोहाच्या कराराचा भाग दाखविला. त्यांनीं चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि म्हणाल्या, “ह्यांत गुरेंसुद्धां आहेत.” आम्ही म्हटलें, “होय.” त्यांच्या आईवडिलांच्या गतीचा निर्णय त्यावरून होतो असें आम्ही म्हणत नाहीं. तो विषय श्रद्धेचा आहे, आणि पाळणुकीसंबंधींचा सवाल आमच्याहून त्यांचे गुरुजन अधिक जाणतात. परंतु त्यांचे आईवडील सर्वच कराराच्या बाहेर होते, असें मात्र त्या ग्रंथाच्या आधारें कोणासही म्हणतां येणार नाहीं.