दुसरा प्रवरसेन, पण कोणाचा मुलगा?

वाकाटकांवर वाचायला बसलं की 'दुसरा प्रवरसेन' लगेच भेटतो. अडचण एवढीच की ते दोघे आहेत. एक नंदिवर्धन-प्रवरपूरचा, दुसरा रुद्रसेन आणि प्रभावतीगुप्ता यांचा मुलगा; 'सेतुबंध' हे प्राकृत काव्य त्याच्या नावावर सांगितलं जातं. दुसरा वत्सगुल्मचा, म्हणजे आपल्या वाशिमचा, विंध्यसेनाचा मुलगा. वा. वि. मिराशींच्या १९६३ च्या वाकाटक लेखसंग्रहात दोन्ही शाखांच्या वंशावळीत हाच आकडा आहे.

हिशेब म्हणून यात चूक नाही. चार अश्वमेध करणारा सम्राट प्रवरसेन हा दोन्ही शाखांचा समान पूर्वज. त्याला पहिला धरून प्रत्येक शाखेत वेगळं मोजलं तर 'दुसरे' दोन होणारच. वाशिम शाखेत तर पणजोबाचं नाव पणतूला असं दोनदा झालंय: आधी विंध्यशक्ती, मग प्रवरसेन.

माझा आक्षेप आकड्यावर नाही, आकड्याला ओळख समजण्यावर आहे. 'पहिला', 'दुसरा' हे आपण, म्हणजे आधुनिक अभ्यासकांनी लावलंय. ताम्रपटांत राजा नात्यांनी ओळखला जातो. चम्मकच्या ताम्रपटात प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता आणि तिचे वडील देवगुप्त, म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, यांचाही उल्लेख आहे. वाशिमच्या ताम्रपटात विंध्यशक्ती हा सर्वसेनाचा मुलगा आणि प्रवरसेनाचा नातू.

नात्याकडे आणि शाखेकडे लक्ष गेलं नाही तर काय होतं, ते अजिंठ्यात दिसतं. लेणी क्र. १६ मधल्या लेखात वाकाटक राजांची यादी आहे, पण अक्षरं फार झिजलेली. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तो वाचला तेव्हा वत्सगुल्म शाखा कुणाला माहीतच नव्हती. त्यामुळे पुसट नावं ओळखीच्या घराण्यात बसवली गेली आणि विंध्यसेनाच्या जागी पृथिवीषेण आला. परिणाम साधा नव्हता. त्या लेखातला कुंतलाच्या राजावरचा विजय वाशिमच्या राजाकडून निघून मुख्य शाखेच्या पहिल्या पृथिवीषेणाच्या खात्यावर गेला, आणि पुढच्या इतिहासग्रंथांत तसाच छापला गेला.

१९३९ साली वाशिमचा ताम्रपट उजेडात आला. मग मिराशींनी अजिंठ्याचा लेख नव्याने वाचला आणि सर्वसेन, विंध्यसेन ही नावं जागेवर आली. ताम्रपटातला विंध्यशक्ती आणि अजिंठ्यातला विंध्यसेन एकच, हेही तेव्हाच स्पष्ट झालं. म्हणजे गोंधळ दुहेरी: एका नावाची दोन माणसं आणि एका माणसाची दोन नावं. आकडा यातल्या एकाही गोंधळावर पुरा पडत नाही.

मग वडिलांचं नाव जोडलं की झालं? तेवढ्यानेही भागत नाही. बाराव्या शतकातलं डेन्मार्क घ्या. राजा पहिला वाल्डेमार हा क्नुडचा मुलगा. पुढे गादीवर हक्क सांगणारा श्लेसविगचा बिशप वाल्डेमार, तोही क्नुडचाच मुलगा. फक्त क्नुड वेगळे! एकाचे वडील क्नुड लावार्ड, दुसऱ्याचे राजा पाचवा क्नुड. वडिलांच्या नावामागे शाखाही लागतेच.

म्हणून संशोधनाची तयारी करताना वहीत नुसतं 'प्रवरसेन २' लिहू नका. नाव, वडील, शाखा आणि ज्या लेखात तो सापडतो तो लेख, अशा चार गोष्टी एका ओळीत लिहा: 'प्रवरसेन, विंध्यसेनाचा मुलगा, वत्सगुल्म, अजिंठा लेणी १६'. नाव मूळ लेखात जसं आहे तसंच उतरवा. दुरुस्ती शेजारी, वेगळ्या शाईत. अक्षर पुसट असेल तर तेही लिहा. ओळखीचं नाव पटकन वाचलं जातं, आणि अनोळखी राजा त्याखाली दबून जातो. वाशिमचे राजे असेच पन्नासहून अधिक वर्षं दबून राहिले होते.