सागरी विस्तृतचित्रातील सांधा

गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात समुद्र व आकाश यांच्या स्वतंत्र निगेटिव्ह क्षितिजरेषेवर सांधून काही सागरचित्रे सिद्ध केली. सांधा आडवा, म्हणून लाट अखंड राहिली. हातात कॅमेरा धरून टिपलेली चित्रे शेजारी शेजारी जुळविताना मात्र सांधा उभा येतो आणि लाटेलाच छेदतो. मॅथ्यू ब्राऊन व डेव्हिड लो यांच्या २००७ मधील शोधनिबंधातील पद्धत स्थिर खुणांवर विसंबते. कातळ जुळतो, फेस जुळत नाही. (छायाचित्रकाराचे पाऊल सरकल्यास जवळचा कातळही दुभंगतो.) हा विसंवाद संमिश्रणाने पुसट करण्याची प्रथा समर्थनीय वाटत नाही, त्यातून कोणत्याही क्षणी अस्तित्वात नसलेली धूसर लाट निर्माण होते. सांधा खडकावरून वा कोरड्या वाळूवरून वळविल्यास लाट वाचते. तेवढी जागा दोन्ही चित्रांच्या सामाईक भागात हवी, आणि ते टिपतानाच ठरते.